ताणता येणारा बाक आणि छत्तीस बाबा

या, असे जवळ या. मागे उभे आहेत त्यांनाही येऊ द्या. थोडं थोडं पुढे सरकून बसा, म्हणजे सगळ्यांची सोय होईल. सरकलात? छान. आता एका बाकाची गोष्ट सांगतो. लहानशी आहे, पण ताणता येते.

माणूस नश्वर आहे. परंतु संगणकात एकदा नीट काढलेला बाक कितीही लांब करता येतो. पूर्वी चाळीस खुर्च्या दाखवायच्या तर चाळीस वेळा खुर्ची काढावी लागे. निम्म्यावर काढणाऱ्याला कंटाळा येई आणि पुढच्या एखाद्या खुर्चीला तीनच पाय उरत. (निर्मात्याने आपल्याला एकेक करून काढलं. हे त्याचं प्रेम, की त्याच्याकडे ही सोय नव्हती, हे विचारणारे आपण कोण?)

आता एकच आसन काढायचं. लांबी, रुंदी, उंचीसकट, सगळीकडून फिरवून पाहता येईल असं. त्याच्या कडेला एक निळा बाण लावायचा. बाण धरून ओढला की आसनाशेजारी आसन उगवत जातं. शिवाय एका आसनात केलेला बदल सगळ्यांत आपोआप होतो. एकाचा रंग बदला, सगळ्यांचा बदलतो. एवढी एकी सख्ख्या भावंडांतही आढळत नाही.

हा बाक काढणारी मुलगी एका आर्किटेक्टच्या ऑफिसात खिडकीजवळ बसे. सगळे तिला ताई म्हणत. तिच्याहून मोठे होते तेसुद्धा. ऑफिसला हाडांच्या दवाखान्याच्या नव्या प्रतीक्षालयाचं काम मिळालं होतं, आणि ताईच्या वडिलांचे गुडघे याच दवाखान्याचे जुने गिऱ्हाईक होते. जुन्या प्रतीक्षालयात सपाट बाक. बसलेल्या बाबांना उठवायला ताई आणि एक अनोळखी माणूस लागे. बाबा दुखण्यापेक्षा त्या अनोळखी माणसाला जास्त भीत. म्हणून ताईने ठरवलं, प्रत्येक आसनाला हात टेकून उठता येईल असा दणकट दांडा द्यायचा.

"टोकांना दोन दांडे पुरेत की," साहेब म्हणाले.

"साहेब, मधल्याने उठायचं कसं?"

"मधल्याने विचार करून टोकाला बसावं."

तरी ताई अडून बसली आणि दांडे मंजूर झाले. त्यांची उंची ठरवायला तिने बाबांनाच संगणकात काढलं. या धंद्यातली ही रीतच आहे. मापांचा अंदाज यावा म्हणून ड्रॉइंगमध्ये एखादा माणूस ठेवतात. इतरांची माणसं सडपातळ, तरुण आणि कुठेतरी निघालेली असतात. ताईचा माणूस बसलेला होता. राखाडी स्वेटर, हातात काठी, मान किंचित डावीकडे.

"माझं नाक एवढं आहे का गं?" बाबांनी घरी पडद्याकडे पाहून विचारलं.

"नाक नका बघू हो. कोपर बघा. दांड्यावर टेकतंय?"

"टेकतंय. फक्कड टेकतंय. पण नाक..."

नाकाच्या या वादात एक गोष्ट राहून गेली. आसन, दांडा आणि बाबा यांचा एकत्र संच झाला होता, आणि बाबांना त्यातून बाहेर काढायचं राहिलं. दुसऱ्या दिवशी साहेबांनी स्वतः बाण ओढला. (आसन काढणं हे हाताखालच्यांचं काम, बाण ओढणं वरिष्ठांचं.) जवळजवळ भिंतीपर्यंत बाक गेला आणि संगणकाने, त्याला तशी सवयच असल्यामुळे, सामानाची यादी काढून दिली: आसनं, छत्तीस नग. दांडे, शेवटच्या टोकाचा धरून, सदतीस नग. बाबा, बसलेले, काठीसह, छत्तीस नग.

ताईला हे कळलं तेव्हा यादीवर चार सह्या झाल्या होत्या. सही झालेली चूक ही चूक राहत नाही, ती तरतूद होते. खरेदी समितीत "बाबा म्हणजे काय?" असं विचारण्याचं धाडस कोणी केलं नाही. एका सदस्याने फक्त, ते ओलाव्यात टिकतात का, एवढं विचारलं. ठेकेदार अनुभवी होता.

"बाबा मिळतील," तो म्हणाला. "स्वेटर, काठी सगळं देतो. नाक मात्र बाजारात असेल ते."

आणि मिळाले! घरी ज्यांच्याशी दिवसभर कोणी बोलत नाही असे बाबा गल्लोगल्ली निघाले. चहा मिळतो आणि शेजारी माणूस असतो म्हटल्यावर ते घाईने आले. उद्‌घाटनाला छत्तीसच्या छत्तीस माना डावीकडे. पाहुणे गहिवरले. अहवालात नोंद झाली: प्रतीक्षालय शंभर टक्के वापरात. (रुग्ण अजून यायचे होते, पण अहवाल त्यांच्यासाठी थांबत नाही.)

मग एका सकाळी ताई खऱ्या बाबांना घेऊन आली. एकही आसन रिकामं नव्हतं.

"अहो, हे मूळचे!" ताई रखवालदाराला म्हणाली. "यांच्यावरूनच सगळे काढलेत."

रखवालदाराने भिंतीवरच्या ड्रॉइंगशी ताडून निरखून पाहिलं. "नाक जुळतंय," त्याने मान्य केलं. "पण नग पूर्ण आहेत, ताई. मूळच्यांची तरतूद नाही."

"राहू दे गं," बाबा म्हणाले आणि खांबाला टेकून उभे राहिले.

ताईने तिथेच लॅपटॉप उघडला. ड्रॉइंग प्रमाण; इमारतीने ड्रॉइंगप्रमाणे वागायचं, असा नियम. तिने बाण ओढून एक आसन वाढवलं. दुपारपर्यंत आसन बसलं, आणि ठेकेदाराने त्यावरचे सदतिसावे बाबाही आणून बसवले. मग तिने एका आसनावरचे बाबा खोडायचं ठरवलं. पण एकाला खोडलं की सगळे जाणार. बोट बटणावर होतं, तेवढ्यात सातव्या आसनावरच्या बाबांनी विचारलं, "ताई, आम्ही उद्या यायचं ना?"

तिने लॅपटॉप मिटला.

इतक्यात आतून नर्सने हाक मारली, "बाबा, या आत!" सदतीस कोपरं दांड्यांवर टेकली आणि सदतीस जण उठले. कोणाला कोणी हात दिला नाही, कोणी कण्हलं नाही.

"वा!" खांबाजवळून बाबा म्हणाले. "काय दांडा केलायस गं!"

"बाबा, आता बसा ना पटकन!"

पण पटकन हेच तर त्या गुडघ्यांना जमत नव्हतं. ते दुसरं पाऊल टाकेपर्यंत नर्सचा खुलासा झाला, तुम्ही नव्हे, आजारी असलेले बाबा. आणि सगळे पुन्हा बसले, माना डावीकडे.

एवढीच गोष्ट. आता तुमच्याकडे वळतो. सुरुवातीला मी तुम्हाला पुढे सरकायला सांगितलं. तुम्ही भली माणसं, लगेच सरकलात. पण सगळे एकदम सरकलात, आणि सारखेच सरकलात. त्यामुळे दोघांमधली जागा होती तेवढीच राहिली. वळून कोणीच पाहिलं नाही. मागे खांबापाशी एक गृहस्थ अजून उभे आहेत, राखाडी स्वेटरचे. तुम्हाला ते सजावटीतले वाटले असतील. उठताना हाताखाली दांडा लागला, तर तेवढी त्यांची आठवण ठेवा.