तेजलला फीट येत नाही

शनिवारी सकाळी फोन वाजला की प्रबुद्ध गजभिये कानकोंडा व्हायचा. फोन ठरलेला, प्रश्नही ठरलेला आणि उत्तर देताना वाटणारी लाजही ठरलेली.

"काही झालं का तेजलला?" डॉ. शर्मिष्ठा विचारायच्या.

"नाही ना मॅडम. सॉरी."

सात वर्षांच्या मुलीला आठवडाभर फीट आली नाही म्हणून माफी मागणारा अख्ख्या घाटकोपरात हा एकच बाप असावा. पण त्याचाही नाइलाज होता. डॉ. शर्मिष्ठांच्या मरोळच्या प्रयोगशाळेत लहान मुलांच्या आकडीवर संशोधन चाललं होतं. फीट येऊन गेली की रक्तातली कोणती प्रथिनं वाढतात, ते तिथे बघत होते. त्यासाठी प्रत्येक मुलाचं रक्त दोनदा लागायचं. एकदा मूल बरं असताना आणि एकदा फीट आल्यावर, दोन तासांच्या आत. तेजलचं पहिलं रक्त देऊन झालं होतं. दुसऱ्यासाठी सगळं घर ताटकळत बसलं होतं.

प्रबुद्ध विज्ञानाचा कट्टर माणूस. तेजलला पहिली फीट आली तेव्हा बिल्डिंगमधल्या बायकांनी कांदा हुंगवा, चप्पल हुंगवा, मुलुंडच्या बाबाकडे न्या, असं सगळं सुचवून पाहिलं होतं. त्याने कांदा भाजीत टाकला, चप्पल दाराबाहेर ठेवली आणि आमच्याकडे गंडे-दोरे चालत नाहीत, डॉक्टर चालतो, असं सगळ्यांना ऐकवलं. मात्र फीट काही ऐकेना. शाळेत प्रार्थनेच्या रांगेत आली, जिन्यात आली, एकदा अंघोळ करताना आली. दर वेळी त्याला वाटायचं, ही गेली आपल्या हातून. त्यामुळे डॉ. शर्मिष्ठांनी संशोधनाबद्दल सांगितलं तेव्हा त्याला भरूनच आलं. पोरीचे एवढे हाल निदान दुसऱ्या कुणाच्या तरी कामी येतील, असं वाटून त्याने लगेच होकार दिला.

आणि नेमकी तेव्हापासून फीट यायची बंद झाली. तिच्या नेहमीच्या डॉक्टरांनी त्याच सुमारास गोळी बदलली होती, पण ते आता कुणाच्या लक्षातही नव्हतं.

पहिले काही दिवस घरात बरं वाटलं. मग प्रबुद्ध अस्वस्थ झाला. तो कारखान्यात मेंटेनन्सला होता, तयारीत राहायची त्याला सवयच होती. कारखान्यात आगीची मॉक ड्रिल घेतात तशी त्याने घरात फीटची घेतली. बायकोने, संघमित्राने, कोणाला फोन करायचा, रक्त घेणाऱ्या रतनने मानखुर्दहून बाइकवर कुठल्या रस्त्याने यायचं, सगळं ठरलं. दोन तासांत परत येता येणार नाही अशा ठिकाणी तेजलला न्यायचं नाही, हेही ठरलं. शाळेची सहल रद्द झाली. बोरिवलीच्या मावशीकडचा वाढदिवस हुकला. सुट्टी लागली, तरी अकोल्याच्या आजीकडे जायचं नाव कोणी काढेना.

"मग कधी जायचं?" तेजलने विचारलं.

"एकदा फीट आली ना, की तू मोकळी. लगेच जाऊ."

कारखान्यातली माणसंही चौकशी करू लागली. अजून नाही का, असं म्हणून चुकचुकत. येईल रे, धीर धर, असं एकाने तर खांद्यावर हात ठेवून सांगितलं. प्रबुद्धने त्याचे आभार मानले. त्यात काही चमत्कारिक आहे, असं दोघांनाही वाटलं नाही.

पुढे त्याची मजल आणखी गेली. जागरणाने फीट येऊ शकते, हे त्याने कुठेतरी वाचलं होतं. एका रात्री तेजल टीव्हीपुढे पेंगत होती आणि हा, बघू दे गं, सुट्टीच आहे, असं म्हणत होता. संघमित्राने टीव्ही बंद केला.

"तुला कळतंय का, तू कशाची वाट बघतोयस?"

त्याला कळत होतं. पण संशोधनासाठी तेजलचं दुसरं रक्त द्यायचा शेवटचा दिवस आता दोनच रविवारांवर आला होता.

त्या शेवटच्या रविवारी त्याने रतनलाच सकाळी घरी बोलावून घेतलं. रतन रक्त ठेवायची थंड पेटी मांडीवर घेऊन सोफ्यावर बसला. चहा झाला, पोहे झाले, मटण-भात झाला. तेजल येता-जाता त्या पेटीकडे बघत होती. दुपारी सगळे पेंगायला लागले आणि ती हॉलमधल्या गादीवर धपकन पडली.

तिचे पाय थाडथाड आपटू लागले, मान गदागदा हलू लागली. जीभ बाहेर आली.

"आली," प्रबुद्ध ओरडला. "रतन, आली रे, आली."

त्याच्या आवाजात आनंद होता. तो त्याला स्वतःलाही ऐकू आला. रतन सुई काढून गुडघ्यावर बसला आणि तसाच थांबला. पोरीचं सगळं अंग हलत होतं, पण डावा हात सरळ, स्थिर, रतनच्या पुढ्यात होता. बाही आधीच वर सरकवलेली होती. संघमित्रा स्वयंपाकघराच्या दारात आली. तेजलचे डोळे घट्ट मिटलेले होते. फीटमध्ये ते कधीच मिटत नसत.

"तेजू, ऊठ बाळा," ती म्हणाली.

तेजलने एक डोळा उघडला. "टोचा ना काका. संपत आली."

कोणी हलेना, तशी ती उठून बसली. आधी आईकडे, मग बापाकडे बघून तिचा चेहरा पडला.

"सॉरी पप्पा. मला नीट नाही जमली. मी कधी बघितलीच नाही ना."

प्रबुद्धने फोन उचलला आणि डॉ. शर्मिष्ठांना लावला. नाही आली, असं त्याने सांगितलं. या वेळी सॉरी म्हणाला नाही. पलीकडून त्या म्हणाल्या, "अहो गजभिये, इतके आठवडे फीट नाही म्हणजे नवी गोळी लागू पडलेली दिसतेय. ती मात्र बंद करू नका हं. आम्हाला दुसरं रक्त नाही मिळालं तरी चालेल. अभिनंदन तुमचं."

अभिनंदन. घरात इतके दिवस एवढी चांगली गोष्ट चालली होती आणि हा रोज सकाळी उठून ती संपायची वाट बघत होता. त्याने फोन खाली ठेवला, गादीवर बसला आणि गुडघ्यात तोंड खुपसलं. त्याचे खांदे हलायला लागले. मग पाठ हलायला लागली. घशातून चमत्कारिक आवाज येऊ लागला, तोही त्याला आवरेना.

तेजल थोडा वेळ निरखून बघत राहिली. मग घाईघाईने रतनचा हात ओढू लागली.

"काका, लवकर. पप्पांना आली."

रतन पेटी बंद करून खाली बघत बसला. मग तिनेच बापाजवळ जाऊन त्याची बाही वर सरकवली.