हनुवटी थोडी खाली

"या वेळी मला एक तरी फोटो असा हवा, की बघणाऱ्याला वाटलं पाहिजे, ही बाई मजेत आहे," बॅगेची चेन ओढता ओढता बायकोने बजावले. "जमणार नसेल तर आत्ताच सांगा. मग तुम्ही एकटेच जा फिरायला."

"जमणार नाही? अगं, मी कोण आहे?" फोटोवाले म्हणाले.

सगळी गल्ली त्यांना फोटोवालेच म्हणत असे. गल्लीच्या तोंडाशी त्यांचे पासपोर्ट फोटोंचे दुकान होते. पांढरा पडदा, एक स्टूल आणि कॅमेऱ्यामागच्या भिंतीवर ठळक अक्षरांत पाटी: 'हसू नये'. माणसांना सरळ बसवण्यात त्यांची हयात गेली होती. त्यांनी काढलेला फोटो आजवर कुठल्याही कचेरीने परत पाठवला नव्हता, आणि ही गोष्ट ते ओळख झाल्या झाल्या सांगत.

बायकोचे दुखणे नेमके इथेच होते. तिचेही सगळे फोटो त्याच स्टुलावर निघाले होते आणि कुठल्या ना कुठल्या ओळखपत्रावर चिकटले होते. अशात धाकट्या बहिणीने सहलीचे फोटो पाठवले. केस उडताहेत, ओढणी उडतेय आणि ही आपली भलतीकडेच बघत खिदळतेय. वर पुन्हा, "ताई, दाजी एवढे फोटोवाले, आणि तुझा एक धड फोटो नाही?" बहीण चेष्टेत म्हणाली होती, पण ताईला ते चांगलेच लागले होते. तिलाही कधीतरी मजेत असल्याचा पुरावा हवा होता.

दोघे समुद्रकाठच्या दीपगृहापाशी पोचले तेव्हा ऊन कोवळे होते आणि वारा मस्त सुटला होता. बायकोने आपला मोबाईल नवऱ्याच्या हातात दिला, आणि तिथेच घोळ झाला. घरी तिला अगंतुगं करणारे फोटोवाले हातात कॅमेरा आला की तिला गिऱ्हाईक समजू लागत.

"बाई, सरळ उभ्या राहा. खांदे एका रेषेत. केस कानामागे घ्या."

"अहो, केस उडायला हवेत! म्हणून तर एवढ्या लांब आले."

"उडू द्या. पण कानामागे."

"आणि धाकटी म्हणते, कॅमेऱ्याकडे बघायचंच नाही. कोणी फोटो काढतंय हे आपल्या गावीही नाही, असं."

"मग डोळे कसे येणार? इकडे बघा. हनुवटी थोडी खाली. हं, आता अगदी सहज हसा. दात नकोत."

बायकोने फोटो पाहिला. तीच ती, ओळखपत्रावरची. मागे नुसते पांढरे.

"समुद्र कुठे गेला?"

"तिकडे मागे फार हालचाल होती. म्हणून तुला दीपगृहाच्या भिंतीपुढे घेतलं. काय स्वच्छ पांढरा रंग लावलाय बघ!"

बायकोने कपाळाला हात लावला. पण एवढ्यात हार मानणारी ती नव्हती. "असं करा, मी चालते. तुम्ही चालताना काढा. काही बोलू नका."

ती पाण्याच्या दिशेने छान रमतगमत निघाली. फोटोवाल्यांनी तोंड घट्ट मिटले, नेम धरला, पण ऐन बटण दाबायच्या वेळी सवयीने ओरडले, "हलू नका!" बायको एक पाय उचललेला असतानाच थबकली, तोल गेला, आणि सावरता सावरता चपलेचा अंगठा तुटला. तिने चप्पल हातात घेतली.

"मी बसते तिकडे जाऊन. तुम्ही त्या भिंतीचेच फोटो काढा. ती हलत नाही."

फोटोवाले तिच्यामागे जाणारच होते, एवढ्यात टोपीवाली एक बाई आडवी आली. "काका, केव्हापासून बघतेय, काय शिस्तीत काढता हो तुम्ही! इथलेच फोटोग्राफर का? आमच्या ग्रुपचे काढाल?"

आता असे कोणी म्हटल्यावर पाय निघतो होय? फोटोवाल्यांनी टोपीवालीला टोपी उतरवायला लावली आणि भिंतीपुढे उभे केले. तिच्यामागे तिच्या मैत्रिणींची रांग लागली. एकेकीची हनुवटी खाली गेली, एकेकीचे कान उघडे पडले. ग्रुपचा एकत्र फोटो मागितला, तेव्हा फोटोवाल्यांनी "एकेकच या" असे सांगितले. बायका आपापले मोबाईल घेऊन, तोंडाला रुमाल लावून निघून गेल्या. फोटोवाल्यांना वाटले, उन्हामुळे.

मग त्यांनी वळून पाहिले. बायको दिसेना.

कट्ट्याकडे पाहिले, वाटेकडे पाहिले. फोन करावा तर तिचा फोन यांच्याच खिशात. एका पायात चप्पल, डोक्यात राग आणि पलीकडे समुद्र! फाटकावरच्या रखवालदाराकडे फोटोवाले जवळजवळ धावतच गेले आणि त्याला सकाळचा फोटो दाखवला.

"या बाईंना पाहिलंत?"

रखवालदाराने फोटो निरखला. "नाही बुवा. एवढी रागीट बाई आली असती तर लक्षात राहिली असती."

"अहो, नीट बघा! दोन्ही कान स्पष्ट आलेत!"

"कान काय, सगळ्यांनाच असतात, साहेब."

तेवढ्यात दीपगृहाच्या मागच्या बाजूने हास्याचा धबधबा कोसळला. फोटोवाले तिकडे गेले. सावलीत त्या ग्रुपच्या बायका गोलाकार बसल्या होत्या आणि टोपीवाली उभी राहून नक्कल करत होती. "बाई, हनुवटी थोडी खाली! सहज हसा! दात नकोत!" मधोमध एक बाई मांडीवर तुटकी चप्पल घेऊन हसत होती. केस तोंडावर आलेले, डोळ्यांतून पाणी, श्वास घ्यायची सोय नाही.

ही कोण? फोटोवाल्यांचा नुसत्या डोळ्यांवर कधीच भरवसा नव्हता. खात्री करायला त्यांनी मोबाईल डोळ्यांसमोर धरला. तीच होती. उभ्या जन्मात पहिल्यांदाच त्यांना कुठलीही सूचना सुचली नाही.

"अगं..." एवढेच कसेबसे बाहेर पडले. तिने हसता हसताच वळून पाहिले, आणि बोट आपोआप दाबले गेले.

फोटो तिरका आला होता. एक कान गायब, एक डोळा मिटलेला, दात झाडून सगळे, आणि मागे समुद्रच समुद्र.

"हा काही चालायचा नाही," फोटोवाले खजील होऊन म्हणाले. "हा परत येईल."

"कुठून परत येईल? मी तो पाठवणार कुठे आहे?" बायको बराच वेळ फोटोकडे बघत राहिली. "अहो, मी अशी दिसते?"

"मला वाटलं, तू गेलीस कुठेतरी."

"एका चपलेवर?" ती म्हणाली, आणि त्यांचा हात धरून उठली.

घरी आल्यावर तिने तो फोटो मोठा करून घेतला, फ्रेम केला आणि दुकानात 'हसू नये'च्या शेजारीच टांगला. फोटोवाल्यांनी थोडी कुरकुर केली, पण खिळा त्यांनीच ठोकला.

परवा आयुष्यात पहिल्यांदाच त्यांचे फोटो कचेरीतून परत आले. गिऱ्हाईक वैतागून स्टुलावर पुन्हा बसले, समोर पाहिले आणि पुन्हा फिसकन हसले. "काका, तो तेवढा फोटो हलवा ना तिथून!"

फोटोवाल्यांनी मागे वळून भिंतीकडे पाहिले. जरा जास्तच वेळ पाहिले. मग खुर्चीवर चढून त्यांनी 'हसू नये'ची पाटी काढली आणि टेबलाखाली ठेवून दिली.

"हं, हसून घ्या आधी," ते म्हणाले. "मी थांबतो."