दहापैकी दहा

"थांबा! कुणी हात लावायचा नाही!" असं बजावत रवींद्र परबांनी जेवणाच्या टेबलावर ग्राफिक्स कार्डाचा खोका उघडला. कार्ड बाजारातलं अगदी साधं, एका पंख्याचं होतं. पण परब नुसते फुलून आले होते. डोंबिवलीतल्या त्या घरात आज कितीतरी दिवसांनी तपासायला काहीतरी नवीन आलं होतं!

परब कारखान्यात माल तपासणारे इन्स्पेक्टर होते. निवृत्त झाले, पण तपासणी काही सुटली नाही. नारळ ते कानाशी हलवून घेत, उशी घेताना दुकानातच डोकं टेकून बघत, आणि प्रत्येक वस्तूला दहापैकी गुण देत. सातच्या वर आजवर काहीच गेलं नव्हतं. पत्नीच्या, म्हणजे मायाताईंच्या स्वयंपाकाला तर गुणही नसत. तिथे फक्त "बरं आहे".

मुलगी ऋजुता ठाण्याच्या कॉलेजात इंटिरियर डिझाइन शिकत होती. तिने कॉम्प्युटरवर एक अख्खं घर सजवलं होतं, आत फिरून बघता येईल असं. पण जुन्या कॉम्प्युटरवर हॉलमधून किचनकडे निघालं की चित्राला उचकी लागायची; ती थांबावी म्हणून हे कार्ड आणलं होतं.

"बाबा, फेल नका हां करू त्याला. उद्या सबमिशन आहे माझं."

"ते टेस्टवर ठरणार. नाही जमलं तर संध्याकाळी ठाण्याला जाऊन बदलून आणू. दुकानदाराची एकच अट आहे, डाग नको."

एवढ्यात मायाताई हळदकुंकवाची कुयरी घेऊन आल्या. "नवीन वस्तू तशीच कशी लावता?"

"अगं, पंख्यात नको!" परब ओरडले.

मायाताईंनी समजूतदारपणे बोट सरकवलं आणि कार्डाच्या कडेच्या पत्र्याच्या पट्टीवर ठसठशीत कुंकू टेकवलं. वर अक्षताही टाकल्या. परबांनी घाईघाईने रुमालाने पुसायला घेतलं, तर पट्टी आणखीच लाल झाली.

"आई! आता दुकानदार परत घेईल का?"

"कुंकू लावलेली वस्तू परत करतं का कुणी?" मायाताईंनी विचारलं.

झालं! आता कार्डाला पास होण्यावाचून गत्यंतर नव्हतं. परबांनी ते तिथेच टेबलावरच्या कॉम्प्युटरमध्ये स्वतः बसवलं, सगळ्या वायरी स्वतः जोडल्या, एकेक ओढून पाहिली आणि निःपक्ष साक्षीदार म्हणून शेजारच्या महिपतकाकांना बोलावलं. काका चप्पल न घालताच धावत आले.

"आहाहा!" चित्र पुरतं उमटायच्या आत काका म्हणाले. "पडद्याच्या चुण्या बघ रे, रवी!"

"आधी या चुण्या नव्हत्याच!" परब म्हणाले.

"होत्या, बाबा. मीच काढल्यात."

"होत्या, पण जाणवत नव्हत्या," परबांनी शेरा दिला.

ऋजुताने हॉलमधून किचनकडे पाऊल टाकलं. चित्राने सोफ्यापाशी गचका खाल्ला. "अडकलं," ती रडवेल्या आवाजात म्हणाली.

"अडकलं कसलं? घर बघताना माणूस थांबतोच की!" काका म्हणाले.

परब उठून उभे राहिले. "दहापैकी दहा!"

काकांनी टाळ्या वाजवल्या आणि घोडबंदर रोडला राहणाऱ्या पुतण्याला तिथूनच फोन लावला. "अरे, हेच कार्ड घे! परबांनी दहा दिलेत, दहा! डोळे मिटून घे!"

"मला दहा नकोत, बाबा," ऋजुताचे डोळे भरून आले. "मला फक्त किचनपर्यंत जायचंय. उद्या काय दाखवू मी सरांना?"

मायाताई एव्हाना केरसुणी घेऊन टेबलामागे वाकल्या होत्या. अक्षता पायदळी जायला नकोत म्हणून. तिथूनच त्यांचा आवाज आला, "अहो, मी कुंकू लावलं त्या पट्टीला वायरच नाही. वायर तर वर लागलीय, नेहमीच्या जागी."

परबांचा चेहरा पडला. स्क्रीनची वायर नव्या कार्डात लावायची असते. हात सवयीने जुन्या जागी गेला होता. दहा गुण मिळवणारं कार्ड आतापर्यंत नुसतं बसून होतं!

ऋजुताने झडप घालून वायर खालच्या पट्टीत लावली आणि श्वास रोखून हॉलमधून निघाली. सोफा मागे गेला, दार आलं, आणि किचन! कुठे गचका नाही, काही नाही. "आई गं! गेले! सरळ गेले!" ती खुर्चीवरून उडालीच. तिने आईला मिठी मारली, केरसुणीसकट. परब लहान मुलासारखे "परत जा, परत जा!" म्हणत तिला घरभर फिरवत राहिले.

"मग मघाशी आपण काय बघत होतो रे?" काकांनी हळूच विचारलं आणि पुतण्याचा फोन आला तो उचललाच नाही.

"बाबा, आता किती?"

परबांनी बोटं मोजून पाहिली. दहाच्या वर काही शिल्लक नव्हतं.

"नुसतं बसून होतं त्याला दहा," मायाताई अक्षता गोळा करत म्हणाल्या, "आणि मी लग्न झाल्यापासून ओट्याशी उभी, तर 'बरं आहे'. आता मीपण बसते." आणि त्या खरोखरच परबांच्या खुर्चीत जाऊन बसल्या.

परब मुकाट्याने आत गेले. बऱ्याच खडखडाटानंतर चहाचा कप घेऊन आले. मायाताईंनी कप उजेडाकडे धरला, वास घेतला, एक घोट घेऊन डोळे मिटले. परब दारात हात बांधून उभे होते.

"बरा आहे," मायाताई म्हणाल्या.