अस्सल बंद

कोणतीही वस्तू निकामी झाल्याशिवाय सुसंस्कृत माणसाच्या मनात तिच्याविषयी आदर उत्पन्न होत नाही, हे एक पक्कं तत्त्व आहे. पाणी असलेल्या विहिरीत लोक बादली टाकतात. आटलेल्या विहिरीला कठडा बांधून तिचे फोटो काढतात. (नियम माणसांनाही लागू आहे. शंका असेल त्याने एखाद्या शोकसभेला मागच्या रांगेत जाऊन बसावं.) याच तत्त्वावर ‘पुरातन शिवणयंत्र शोध व जतन मंडळ’ उभं आहे आणि बापूसाहेब त्याचे चिटणीस आहेत.

बापूसाहेब वजनमापं खात्यातून वरिष्ठ निरीक्षक म्हणून निवृत्त झाले. जन्म दुसऱ्यांच्या तराजूत खोट काढण्यात गेला, त्यामुळे निवृत्तीनंतर हात रिकामे झाले. डोकं आधीपासून होतंच. तेव्हा त्यांनी जुनी शिवणयंत्रं जमवायला घेतली. आज त्यांच्या तीन खोल्यांत यंत्रं राहतात आणि उरलेल्या जागेत बापूसाहेब व त्यांच्या पत्नी. नाकापेक्षा मोती जड म्हणतात तो हाच प्रकार. पत्नी अंग चोरून स्वयंपाकघरात जातात, बटाटे एका यंत्राच्या खणात ठेवतात आणि रक्तदाबाच्या गोळ्या दुसऱ्याच्या. यातल्या एखाद्यावर उशीचा अभ्रा शिवला तर चालेल का, असं त्यांनी एकदा विचारलं होतं. त्या दिवशी बापूसाहेब जेवले नाहीत.

कारण यंत्र चालवणं हा मंडळाच्या लेखी अपराध आहे. टाक्यागणिक यंत्र झिजतं. यंत्र झिजलं की इतिहास झिजतो. सबब शिवणकाम करणारी बाई म्हणजे इतिहासाला लागलेली कसर. इतकं ते सरळ आहे. मंडळाची प्रतवारीही त्याला धरूनच आहे. सगळ्यात वर ‘अस्सल बंद’, म्हणजे जिवंत माणसांपैकी कुणीही जे फिरताना पाहिलेलं नाही. त्याखाली नुसतं ‘बंद’. त्याखाली ‘कुरकुरतं’, ज्याला वशिला असेल तर प्रदर्शनात कोपरा मिळतो. आणि अगदी तळाला ‘चालू’. हा शब्द तसाही फारसा अब्रूदार नाही. मंडळात तर तो चारचौघांत उच्चारत नाहीत.

मंडळाने एकदा सभासदांची शास्त्रशुद्ध पाहणी केली. शंभरातल्या त्र्याण्णव जणांना सुईत दोरा ओवता येत नाही असं आढळलं, आणि उरलेल्या सातांनी प्रश्न नीट वाचला नव्हता असं मागाहून कळलं. ‘आपले कपडे कुठून येतात?’ या प्रश्नाला बहुसंख्यांनी ‘कपाटातून’ असं उत्तर दिलं. सुतावरून स्वर्ग गाठणारे जगात पुष्कळ झाले. मंडळाने तो सुताला हात न लावता गाठला.

शोधाची पद्धतही समजून घेण्यासारखी आहे. नवशिका संग्राहक भंगारवाल्याकडे जातो. मुरलेला संग्राहक सकाळच्या पेपरात निधनवार्तांचं पान उघडतो. बाई वृद्ध, नवरा आधीच गेलेला, घर जुनं, असं सगळं जुळून आलं की बापूसाहेब पांढरा शर्ट घालून भेटायला निघतात. वेळ मात्र नेमकी साधावी लागते: दुःखाचा भर ओसरायच्या आत आणि वाटणीचा भर चढायच्या आधी. समोरच्याचे हुंदके ऐकता ऐकता नजर टेबलक्लॉथखाली गेली पाहिजे, कारण शिवणाच्या मशीनवर लोक टीव्ही ठेवतात, माशांची पेटी ठेवतात, एका घरात तर इस्त्रीचे कपडे आणि त्यावर मांजर निघालं होतं. मग हळू आवाजात म्हणायचं, “आईंचं हे मशीन तुम्हाला रोज बघवणार नाही. मी घेऊन जातो.” काही हलकट लोक याला मढ्याच्या टाळूवरचं लोणी खाणं म्हणतात. त्यांना जतन म्हणजे काय ते समजत नाही.

एवढा आटापिटा करूनही बापूसाहेब अध्यक्ष होत नव्हते. वार्षिक प्रदर्शनात ज्याचं यंत्र पहिलं, तो वर्षभर अध्यक्ष, असा नियम आहे आणि तो मान दरवर्षी एक दंतवैद्य पटकावत. त्यांचा धंदाच सोयीचा. खुर्चीत आडवा झालेला रोगी भीतीपोटी काहीही बोलतो आणि बोलता बोलता माळ्यावर काय पडलंय तेही सांगून टाकतो. बापूसाहेबांना पेपरावर भागवावं लागे.

आणि इकडे काखेत कळसा होता. बापूसाहेबांची थोरली बहीण, अक्का, दोन गल्ल्या पलीकडे मुलाकडे राहते. तिथे खिडकीशी तिचं पायाचं मशीन होतं. सकाळचं आवरलं की ती त्यावर बसायची. कुणाची पॅन्ट आखूड करायची, कुणाची चेन बदलायची, कुणाच्या पोरीच्या फ्रॉकची दुमड सोडायची. बाया यायच्या, कपडा टाकायच्या आणि उठायचं नाव घ्यायच्या नाहीत. गल्लीत कुणाचं कुणाशी बिनसलंय ते अक्काला त्या दोघांच्या आधी कळायचं. सून टाकून बोलली तर अक्का उलट बोलायची नाही, चाक जोरात फिरवायची. त्या घरात ती कुणाची मिंधी नव्हती ती या मशीनमुळे, हे तिला ठाऊक होतं आणि सुनेला जरा जास्तच ठाऊक होतं. बापूसाहेब ज्या शर्टात नोकरीच्या मुलाखतीला गेले तोही तिने यावरच शिवला होता. (मंडळाच्या दृष्टीने: झीज.) पण मशीन पडलं चालू, त्यामुळे बापूसाहेबांनी इतक्या वर्षांत त्याच्याकडे ढुंकून पाहिलं नव्हतं.

एके सकाळी ते पॅन्टची कंबर सैल करून घ्यायला अक्काकडे गेले. अक्काने मशीनच्या मानेला एक चिंधी गुंडाळलेली असायची. तिच्यात ती सुया टोचून ठेवायची. ती चिंधी तिने धुवायला म्हणून सोडली. खाली सोनेरी हंसांची जोडी होती, चोचीपासून शेपटीपर्यंत शाबूत. हा छाप मंडळाला माहीत होता, पण सगळीकडे शिवणाऱ्या बायकांचे हात घासून घासून हंस पुसून गेलेले. दंतवैद्यांच्या एका यंत्रावर फक्त एक पंख शिल्लक होता आणि तेवढ्या पंखावर ते दोनदा अध्यक्ष झाले होते. बापूसाहेबांनी भिंतीचा आधार घेतला. अक्काला वाटलं चक्कर आली. तिने पाणी आणून दिलं.

पाणी पिऊन त्यांनी मशीन मागितलं. मी मग काय करू, असं अक्काने विचारलं. आराम कर, असं त्यांनी सांगितलं. अक्काला आधी ती थट्टा वाटली. नंतर तिने पॅन्ट बाजूला ठेवली.

“बापू, चालतंय रे ते. कुठं अडलंय म्हणून थांबवायचं?”

“अक्का, तेच तर दुखणं आहे.”

अक्का नाही म्हणाली. बापूसाहेबांनी दातांच्या कण्या केल्या, तरी नाहीच म्हणाली. तेव्हा ते अक्कावर माया असणाऱ्या माणसांकडे गेले, आणि तिथे काम झटक्यात झालं. भाचा म्हणाला, आईने खूप सोसलं, आता तिने बसून खावं. सुनेला तर सासूच्या डोळ्यांची काळजी आधीपासूनच होती. शिवाय त्या खिडकीपाशी तिला घरच्या घरी चालायचं यंत्र ठेवायचं होतं, बसून बसून पाय आखडतात म्हणून. नातीने आजीच्या गळ्यात हात टाकले. बापूसाहेबांनी बदल्यात विजेवर चालणारं नवंकोरं मशीन देऊ केलं. सगळ्यांनी मिळून अक्काला इतकं समजावलं, इतकं समजावलं, की नाही म्हणणं हा त्यांच्या प्रेमाचा अपमान ठरला असता. मायेपुढे कुणाचं काही चालत नाही. अक्काचंही चाललं नाही.

टेम्पो आला त्या सकाळी मात्र तिने एक घोटाळा करून ठेवला. मशीन परक्या लोकांत जातंय, कुरकुरत जायला नको, म्हणून तिने ते उघडून, पुसून, सांध्यासांध्यांत तेल सोडून ठेवलं. प्रदर्शनाच्या हॉलमध्ये तपासणीच्या वेळी दंतवैद्यांनी करंगळीने चाकाला जरा स्पर्श केला. चाक फिरलं. आणि फिरतच राहिलं. मागून कुणीतरी खालच्या आवाजात तो शब्द उच्चारला. बापूसाहेबांना भर सभेत विजार सुटल्यासारखं झालं.

हंस एवढे देखणे होते म्हणून मार्ग काढायचं ठरलं. दंतवैद्य मोठ्या मनाने म्हणाले की पुढचं वर्ष आपल्याला मिळत असेल तर आपण मदत करू. दाढा भरायचं सिमेंट त्यांच्या बॅगेत होतंच. बापूसाहेबांनी बॅटरी धरली. दंतवैद्यांनी मशीनच्या पोटात, जिथे बॉबिन बसते तिथे, सिमेंट नीट दाबून भरलं. “अजिबात दुखणार नाही,” असं ते सवयीने म्हणाले. प्रतवारीचा प्रश्न उरला. जिवंत माणसांपैकी अक्काने तरी हे यंत्र फिरताना पाहिलं होतं. त्यावर समितीने असा निर्णय दिला की अक्का आता शिवणार नाहीत, तेव्हा या नियमापुरतं त्यांना जिवंत धरायचं कारण नाही.

प्रदर्शनात अक्काचा सत्कार झाला. गुच्छ दिला, मानपत्र वाचलं, दोन शब्द बोला म्हणून माईक पुढे केला. अक्का म्हणाली, “घरी टोपलीत लोकांचे कपडे पडलेत. शनिवारचा वायदा दिलाय मी. तेवढे होईपर्यंत तरी मशीन घरी पाठवा.” हॉल हसून हसून लोटपोट झाला. (मंडळाच्या वार्तापत्रात याची ‘अक्कांचं खुमासदार भाषण’ अशी नोंद आहे.) मग ती उठली आणि कुणी अडवायच्या आत मशीनपुढच्या स्टुलावर जाऊन बसली. सवयीने तिने पाय टाकला. पट्टी हलली नाही. पुन्हा जोर लावला. हलली नाही. तिने चाकावर हात ठेवला, खाली वाकून पाहिलं आणि पांढरं काय ते तिला दिसलं.

“बापू, हे काय केलंस रे?”

बापूसाहेब स्टुलाकडे एक पाऊल सरकले. मग टाळ्या सुरू झाल्या, कारण खुद्द मालकिणीने चालवूनही यंत्र चाललं नाही, यापेक्षा सबळ पुरावा कुठला? ‘अस्सल बंद’ हा शेरा एकमताने मिळाला. बापूसाहेब अध्यक्ष झाले. त्यांनी आभाराच्या भाषणात बहिणीचा उल्लेख दोनदा केला आणि दुसऱ्या वेळी त्यांचा आवाज खरोखर भरून आला होता.

अक्काचं आता उत्तम चाललं आहे. नवं मशीन खराब होऊ नये म्हणून खोक्यासकट कपाटावर ठेवलंय. शनिवारच्या कपड्यांची टोपली सुनेने ज्याची त्याला परत केली. बाया सुरुवातीला येऊन जायच्या, पण हातात कपडा नसताना नुसतं किती बसणार. मग तेही थांबलं. पहिल्यांदा अक्का खुर्चीत बसल्या बसल्या पाय हलवायची, खालीवर, खालीवर. घरच्यांनी घाबरून डॉक्टरला दाखवलं. त्यांनी गोळ्या दिल्या आणि पाय थांबले. सगळे तिला फार जपतात. पाणी हातात, जेवण पुढ्यात. पाहुण्यांना तिच्यासमोरच सांगतात की आमच्या आईने जन्मभर फार केलं, आणि पाहुणे तिच्याकडे वळून आदराने हसतात.

वाचकांपैकी कुणाला वाटेल की बरं झालं, आपल्या ओळखीत कुणी बापूसाहेब नाहीत. खरंच नसतील. मंडळाचे सभासद तुमच्या घरी येणारही नाहीत, यायची गरजच नाही. कालच तुम्ही आईच्या हातातलं काम काढून घेतलंत आणि अगदी मायेने म्हणालात, “राहू दे गं, तू बस.”

बसली ना?