समुद्र न दिसणारी खोली

या सहलीत काहीही घडणार नाही, असं निरीक्षकांनी जाहीर केलं आणि काहीही न घडण्याचा अकरा पानी तक्ता तयार केला.

निरीक्षक वजनमाप खात्यात होते. बत्तीस वर्षं त्यांनी तराजू तपासले. दुकानदाराने किलोमागे पाच ग्रॅम मारले तरी त्यांच्या भुवया वर जात, आणि भुवया वर गेल्या की दुकानदार खाली बसे. असा हा काटेकोर माणूस एकाच बाबतीत सैल होता. नऊ वर्षांपूर्वी खात्यातल्या दोन मित्रांच्या नादाने ते सर्फिंग शिकायला गेले आणि तेव्हापासून दरवर्षी आठवडाभर जात. परत आले की जिन्यात उभं राहून लाटेची उंची सांगत. पहिल्या वर्षी ती छातीएवढी होती. मग डोक्याएवढी झाली. गेल्या वर्षी उंची विचारणाऱ्या खालच्या मजल्यावरच्या दंतवैद्यांना त्यांनी बोट वर करून जिन्यातला दिवा दाखवला होता.

खरं म्हणजे निरीक्षक फळीवर कधी उभे राहिलेच नव्हते. ते पालथे पडत, दोन्ही हातांनी पाणी मारत, आणि लाट फुटून तिचा फेस झाला की त्या फेसाबरोबर किनाऱ्यापर्यंत घसरत येत. नाकात वाळू, आणि चेहऱ्यावर नुकताच राज्याभिषेक झाल्याचा भाव. दोन्ही मित्रांची तीच तऱ्हा असल्यामुळे गुपित सुरक्षित होतं.

यंदा एका मित्राने गुडघा बदलून घेतला आणि दुसरा मुलीकडे कायमचा राहायला गेला. निरीक्षक निवृत्त झाले त्याच्या दुसऱ्या आठवड्यात बायको म्हणाली, "मी येते तुमच्याबरोबर. परदेशातल्या एखाद्या समुद्रावर जाऊ, निवांत. मला काही त्या फळीबिळीवर चढायचं नाहीये. मी आपली किनाऱ्यावर बसून बघेन."

"काय बघशील?"

"तुम्हाला."

निरीक्षकांचा चहा बशीत आला.

चौतीस वर्षांच्या संसारात तिने स्वतःहून मागितलेली ही पहिलीच गोष्ट, त्यामुळे नाही म्हणायची सोय नव्हती. आणि हो म्हटलं की सगळं संपलं. खात्यात त्यांना मोठी बढती मिळाली नव्हती, घरात पंख्याचं बटणसुद्धा तीच दुरुस्त करायची. वर्षातून एक आठवडा आपण तिच्या नजरेत ताठ उभे असतो, एवढी एकच मिळकत त्यांच्यापाशी होती. ती जपायची होती.

म्हणून तो तक्ता. वरकरणी तो बायकोच्या विश्रांतीचा होता. खरा हेतू एवढाच, की सकाळी सहा ते अकरा तिची नजर समुद्रावर पडू नये. सोमवारी मालीश, मंगळवारी मातीची भांडी, बुधवारी पक्षी बघायला टेकडीवर, तेही टेकडीच्या पलीकडच्या उतारावर.

"खोली बागेच्या बाजूची बघतोय," ते सहज म्हणाल्यासारखे म्हणाले. "समुद्राकडे फार आवाज असतो."

"मी तीस वर्षं शिलाई मशीनवर बसतेय."

"खारी हवा केसांना वाईट."

"उरलेत किती?"

"अगं, ऊन असतं."

"छत्री नेईन. अहो, तुम्ही लाटेवर उभे असताना मी काय उन्हाकडे बघत बसणार आहे?"

निरीक्षकांनी तक्त्यात गुरुवारी वस्त्रसंग्रहालय घातलं.

बायकोचं कोपऱ्यावर कपडे दुरुस्तीचं दुकान होतं. तिथे तिने तो तक्ता आरशाशेजारी टाचला. येणारी प्रत्येक बाई तो वाचू लागली. नवरा असावा तर असा, यावर एकमत झालं. शाळेच्या मुख्याध्यापिकाबाईंनी तर तो घरी नेऊन नवऱ्याला मोठ्याने वाचून दाखवला. रस्त्यातले दोन-तीन नवरे निरीक्षकांना ओळख देईनासे झाले. दंतवैद्य भेटले तेव्हा म्हणाले, "तुमच्यामुळे मला आता मातीची भांडी करायला जावं लागतंय."

इथवर ठीक होतं. मग परदेशात जिथे उतरायचं होतं त्या पाहुणघराच्या मालकिणीला निरीक्षकांनी, पाहुणघराच्याच संकेतस्थळावरून, एक खाजगी पत्र पाठवलं. खोलीची नोंदणी बायकोने केली होती आणि तिथे तिचाच फोन दिलेला होता, हे त्यांच्या लक्षात आलं नाही. लोकांच्या तराजूखाली चिकटवलेलं चुंबक शोधणाऱ्या माणसाच्या हे लक्षात आलं नाही.

उत्तर दुपारी दुकानात आलं. मुख्याध्यापिकाबाई अर्धवट शिवलेला नवा कोट घालून मापासाठी स्टुलावर उभ्या होत्या. बायकोच्या तोंडात टाचण्या होत्या, म्हणून तिने खुणेनेच त्यांना फोन वाचायला सांगितला. नेमके त्याच वेळी निरीक्षक दोन कप कॉफी घेऊन दारात आले.

मुख्याध्यापिकाबाईंनी प्रार्थनेनंतर सूचना वाचतात त्या आवाजात वाचलं. "आपल्या इच्छेप्रमाणे समुद्र न दिसणारी खोली राखून ठेवली आहे. अगदी नवशिक्यांची मऊ फळी मिळेल. उभं कसं राहायचं हे शिकवणारा शिक्षक रोज पहाटे, पत्नी उठण्यापूर्वी येईल. पत्नी अचानक किनाऱ्यावर आल्यास तो शिट्टी वाजवेल. एक शंका. पत्नीला समुद्राची भीती वाटते का? आम्ही अशा पाहुण्यांची नीट काळजी घेतो."



मुख्याध्यापिकाबाई स्टुलावरून उतरल्या. "मी माझ्या यजमानांना तुमचं उदाहरण दिलं होतं," त्या म्हणाल्या. "घरी गेल्यावर मागे घेते." आणि एका बाहीच्या कोटात निघून गेल्या.

बायकोने एकेक टाचणी तोंडातून काढून उशीला टोचली. मोजून नऊ होत्या. निरीक्षक मोजत होते, कारण दुसरीकडे कुठे बघायची सोय नव्हती.

"सांगणार होतो मी," ते म्हणाले.

"कधी?"

"पुढच्या वर्षी."

ती आत गेली आणि त्यांचा पाण्यात घालायचा रबरी पोशाख घेऊन आली. टेबलावर तो पालथा टाकला, मग उलटला.

"हे पोट बघा. नऊ वर्षांत सहा ठिगळं लावली मी. गेल्या वर्षी तर ठिगळावर ठिगळ. आणि हे गुडघे. दुकानातून आणले तसे. उभं राहायला जाणारा माणूस आधी गुडघ्यावर येतो ना हो? मी कपडे बघून माणसं ओळखते, त्यावर तर दुकान चालतं माझं."

"म्हणजे तुला..."

"दुसऱ्या वर्षापासून."

निरीक्षक मापाच्या स्टुलावर बसले. कॉफी दोन्ही हातांत तशीच होती. "मग जिन्यात काही बोलली नाहीस कधी."

"काय बोलायचं? एरवी वर्षभर तुम्ही दुसऱ्याचे तराजू डोक्यात घेऊन घरी येता. त्या एका आठवड्यानंतर मात्र शीळ घालत येता. पालथं पडून माणूस एवढा खूश कसा होतो, ते मला एकदा डोळ्यांनी बघायचं होतं. म्हणून येते म्हटलं. आणि तुम्ही मला टेकडीपलीकडे पक्षी बघायला धाडताय."

निरीक्षकांनी एक कप तिच्यासमोर ठेवला. मग उठून आरशाशेजारचा तक्ता काढला, घडी केली आणि खिशात घातला.

ती मशीनवर बसली. पोशाखाचा गुडघा सुईखाली सरकवला आणि त्याला आतून जाड कापड लावायला लागली.

"तिथे तर फाटलेलं नाही," ते म्हणाले.

"यंदा फाटेल."

सहलीहून परतले तेव्हा दंतवैद्य जिन्यातच भेटले. "काय निरीक्षक, यंदा लाट किती?" असं विचारून त्यांनी आपणच दिव्याकडे पाहिलं.

निरीक्षकांनी सामान खाली ठेवलं. मागे बायको उभी होती, नाक उन्हाने सोललेलं, हातात न उघडलेली छत्री.

"गुडघ्याएवढी," निरीक्षक म्हणाले.

दंतवैद्यांचा चेहरा पडला. बायको पुढे झाली आणि तिने त्यांना स्वतःच्या मांडीपाशी हात लावून दाखवला.

"इथवर होती," ती म्हणाली.

वर घरात आल्यावर निरीक्षकांनी दार लावून घेतलं. "अगं, गुडघ्याएवढीच होती."

"माहीत आहे," ती चपला काढत म्हणाली. "शिवणीत थोडं कापड सोडावं लागतं."