पोल्ट्रीतली नेट प्रॅक्टिस

नलिनीबाईंनी मारलेला पहिलाच चेंडू शेजारच्या रमाकांतच्या वरणात पडला.

रमाकांत सज्जन माणूस. चेंडू धुऊन, पुसून परत घेऊन आला. म्हणाला, "वहिनी, खेळा हो तुम्ही. फक्त आमचं जेवण होऊ द्या."

नलिनीबाईंचे यजमान भास्करराव ओशाळून हसले. नलिनीबाईंनी बॅट दाराआड ठेवली आणि पलंगावर बसल्या. सव्वीस जानेवारीला त्यांच्या शाळेतल्या शिक्षिका विरुद्ध सरकारी कचेरीतल्या बायका असा सामना ठरला होता. ज्या सभेत खेळाडू निवडले, तिला नलिनीबाई दातदुखीमुळे गैरहजर होत्या. त्यामुळे यादीत त्यांचं नाव सर्वांत वर लागलं होतं.

"ज्या मुलांना मी गणित चुकलं म्हणून वर्षभर उभं करते," त्या म्हणाल्या, "ती मला तीन काठ्यांसमोर उभी बघणार. पहिल्याच चेंडूला गेले तर वर्गात तोंड कसं दाखवू?"

"अगं, आपण चोरून सराव करू. कुणी बघणार नाही अशी जागा मी शोधतो." भास्कररावांची सिल्वासाला बदली होऊन दोनच वर्षं झाली होती, पण जमिनीच्या नकाशांच्या खात्यात असल्यामुळे मोकळ्या जागा आपल्याइतक्या कुणालाच माहीत नाहीत, असं त्यांना वाटे.

नकाशावर मोकळी असलेली जागा प्रत्यक्षात मोकळी नसते, हे त्यांना त्याच आठवड्यात कळलं. दमणगंगेच्या काठावर धुणं धुणाऱ्या बायकांनी हातातलं धुणं थांबवलं आणि त्या बघत बसल्या. चेंडू नदीत गेला तो गेलाच. नरोली गावातल्या मोकळ्या प्लॉटवर आजूबाजूच्या भाड्याच्या खोल्यांतून रात्रपाळीची माणसं डोळे चोळत बाहेर आली आणि "वाइड! वाइड!" ओरडू लागली. नलिनीबाईंनी तोंडावर पदर घेतला आणि थेट रिक्षात जाऊन बसल्या.

शेवटी कचेरीतला गुजराती शिपाई गोकुळ मदतीला धावला. "साहेब, सामरवरणीला माझ्या मेहुण्याची पोल्ट्री आहे. कोंबड्या सगळ्या विकल्या, शेड रिकामी पडली आहे. चारी बाजूंनी जाळी. चेंडू बाहेर जाणार नाही, माणूस आत येणार नाही. एकदम बरोबर छे!"

रविवारी दुपारी गोकुळने दोघांना तिथे सोडलं आणि तासा-दोन तासांनी येतो म्हणून तो चहा प्यायला गेला. शेड लांबलचक होती. वास अजून होता, पण माणसं नव्हती. भास्कररावांनी स्टंप रोवले आणि हळूच चेंडू टाकला. नलिनीबाईंनी डोळे मिटून बॅट फिरवली. चेंडू स्टंपांवर. दुसराही स्टंपांवर.

"अगं नलू, डोळे उघडे ठेव!"

"तुम्ही असे बघू नका माझ्याकडे!"

पुढच्या चेंडूला त्यांनी रागाने डोळे उघडे ठेवले. बॅटवर चेंडू असा सणसणीत बसला की तो थेट उघड्या दारावर आदळला. दार धाडकन लागलं आणि बाहेरची कडी आपोआप खाली पडली.

भास्कररावांनी दार ढकलून पाहिलं. ते जागचं हललं नाही.

"काय सुरेख फटका बसला गं!" भास्करराव म्हणाले.

"आधी दार उघडा."

जाळी बारीक होती, बोट बाहेर जाईना. भास्कररावांनी आत पडलेली बांबूची एक पातळशी कामटी घालून कडी उचलायचा प्रयत्न केला. कामटी मोडली आणि तिचा तुकडा कडीत अडकून बसला. आता बाहेरून आलेल्यालाही कडी सहजी उघडता येणार नव्हती.

तेवढ्यात जवळच्या कारखान्याची शिफ्ट सुटली. सायकलींची रांग रस्त्याने येऊ लागली. पहिली सायकल थांबली ती झुंबरची. धुळ्याकडून आलेला हा माणूस सूत गुंडाळायच्या मशीनवर होता. जाळीपाशी येऊन त्याने आत डोकावलं.

"काय भो, तुम्हाला कोणी कोंडलं?"

"चेंडूने," भास्करराव म्हणाले.

झुंबरने कडी हलवून पाहिली. "हे तर जाम झालं. पकड आणावी लागंल कारखान्यातून. घाबरू नका, आलोच!"

तो गेला खरा, पण वाटेत भेटेल त्याला सांगत गेला. बघता बघता शेडभोवती सायकली उभ्या राहिल्या. बायकाही आल्या. झुंबरची बायको तानूबाई कारखान्यात पॅकिंगला होती. तिने जाळीला नाक लावलं.

"ताई, बॅट हातात आहेच तर खेळा ना. तो येईपर्यंत आम्हालाही बघायला भेटंल."

नलिनीबाईंचे कान तापले. पण पळायला जागा नव्हती. त्यांनी पदर कमरेला खोचला आणि भास्कररावांना म्हणाल्या, "टाका!"

पहिला चेंडू हुकला. आता सगळे हसणार, म्हणून त्यांनी मान खाली घातली. पण बाहेरून "अरेरे!" असा आवाज आला, जणू चेंडू त्या सगळ्यांचाच हुकला होता. पुढचा बसला. जाळी झणझणली, वरून धूळ आणि उरलीसुरली पिसं खाली आली. टाळ्यांचा कडकडाट झाला. तानूबाई ओरडली, "अजून एक, ताई! असाच!"

नलिनीबाईंनी केसातलं पीस काढलं. त्या चक्क हसत होत्या.

झुंबर पकड घेऊन आला, खटपट करून त्याने कडी मोकळी केली. भास्करराव सुटलेल्या कैद्यासारखे बाहेर धावले. "चल नलू, चल लवकर!"

"तुम्ही व्हा पुढे," आतून आवाज आला. "माझा आता कुठे हात बसतोय. तानूबाई, चेंडू टाकता येतो का हो?"

"यायला काय झालं!" म्हणत तानूबाई आत शिरली. तिच्यामागून पॅकिंगच्या बाकी बायका. प्रत्येकीला एकदा तरी बॅट धरून बघायची होती.

भास्करराव बाहेर उभे राहून बघत होते. घरी जायची घाई हळूहळू ओसरली. एकीचा फटका छताला लागला, तेव्हा त्यांचेही हात शिवशिवले. ते दारातून आत वाकून म्हणाले, "मी एक खेळू का?"

तानूबाईने चेंडू हातात घोळवत त्यांच्याकडे पाहिलं.

"साहेब, लाइनीत या."

आणि भास्करराव निमूटपणे सगळ्या बायकांच्या मागे जाऊन उभे राहिले.