लाल खूण बुडाली त्याची हकीकत

श्रीविद्युल्लता प्रसन्न असो, जनरेटर चालता राहो. शके एकोणीसशे सत्तेचाळीस, विश्वावसूनाम संवत्सरे, वैशाख मासी राज्यावर जो प्रसंग गुदरला तो लिहितो. कोणाची भीड धरीत नाही. डीजे धनाजीराव झांबरे सरकार वराती वाजविण्यात प्रतापी. गाण्यांचा खजिना थोर, परंतु नावे ठेवण्याची अक्कल नाही. दर गाणे "फायनल", "नवा फायनल", "एकदम फायनल". सरकार गाणी ओळखीत ती संगणकात लाविलेल्या रंगाने. हळदीची पिवळी, वरातीची हिरवी, आणि लाल, म्हणजे कदापि न वाजविण्याचे, एकच. कारण मागील साली बाजीबा ढोबळे यांचा लेक त्या गाण्यावर नाचता नाचता ट्रॉलीखाली गेला, आणि बाजीबा बोलिले, "हे गाणं परत माझ्या दारात वाजलं तर वाजवणाऱ्याचा हात ठेवणार नाही." आणि ते बोलून सोडणारे नव्हेत.

मग वरातीचे सकाळी मेव्हणे सुकदेवराव वदले, "दाजी, जुनं सॉफ्टवेअर म्हातारं झालंय. नव्यात सगळं एका बटनात जातंय." आणि सरकारांनी बटन दाबिले, आणि मेव्हण्यांनी जुने राज्य लगोलग पुसून टाकिले. मग वरात चालू जाहली आणि सरकार ट्रॉलीवरून पाहतात तो गाणी आली, नावे आली, रंग वाटेतच बुडाले, सारी करडी.

"सुक्या, यातलं लाल कुठलं?"

"आता सगळी सारखीच की, दाजी. लोकशाही."

"तुझ्या लोकशाहीच्या! पुढं बाजीबाचं दार आलं!"

मग सरकारांनी हेडफोन कानास लाविला, परंतु धडधडीत काही उमगेना, आणि नवरदेवाचे मित्र नाचता नाचता नेमके त्याच दारी ठाण मांडून बसले, आणि चालते गाणे तेथेच संपले. नव्या राज्याचा कायदा ऐसा की एक संपले की पुढचे आपोआप लागावे. ते लागले. पहिल्या ठोक्यासच साऱ्यांनी ओळखिले आणि नाचणारे पाय जागी थिजले.

दार उघडले. बाजीबा कोयता घेऊन बाहेर आले, ट्रॉलीस टेकून उभे राहिले आणि हळूच बोलिले, "पुरं होऊ दे. लेकाचं गाणं आहे, मधी तोडायचं नाही. मग खाली उतर."

आणि गाणे सरत आले, आणि सरकारांनी लूप लाविला, म्हणजे गाण्याचा तोच तुकडा फिरून फिरून वाजू लागला, आणि बाजीबा डोळे मिटून ऐकत राहिले, कोयता हातीच. मुहूर्त टळला, भटजी निघोन गेले. शंभर माणूस उभे, एकाच्याने पुढे होऊन म्हातार्‍याच्या खांद्यावर हात ठेववेना. नाचायला सारे पुढे! थू तुमच्या जिनगानीवर!

"दाजी," मेव्हणे कानाशी लागले, "डिझेल संपत आलं."

"हळू बोल. ऐकेल तो."

तात्पर्य, खजिना हलविला तो एका बटनात, आणि भय मात्र जुन्या राज्यातून नव्यात अक्षर न गळता पोहोचले. हे लिहितेसमयी गाणे वाजतच आहे. जनरेटर आचके देतो आहे.